आजोबांच्या डबीतल्या करड्या पेनी

पत्र

नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातले. माझे आजोबा मुंबईला गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे बोटींवरचा माल मोजून नोंदवणारे कारकून. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत मोठा स्फोट झाला, त्या आठवड्यात ते गावी आले होते म्हणून वाचले, असं आजी सांगते. ते जाऊन तीस वर्षं झाली. आजी चौऱ्याण्णव वर्षांची आहे.

गेल्या महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेत सिगारेटची पत्र्याची डबी सापडली. आत नऊ अमेरिकन नाणी होती. सात करडी, लोखंडासारखी, सगळी १९४३ ची. चारांवर सालाखाली काही नाही, दोघांवर डी, एकावर एस. आठवं १९४३ चंच, पण तांब्याच्या रंगाचं. नववं १९४४ चं, तपकिरी. आजी म्हणते, बोटीवरच्या अमेरिकन खलाशांनी आजोबांना दिलेली.

मोबाईलवर एक व्हिडिओ आला. १९४३ ची तांब्याची पेनी, म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं, चौदा कोटींना गेली आणि आता अमेरिकेत पेनी कायमची बंद झाली म्हणून भाव चढलेत, असं त्यात होतं. खाली नंबर होता. मी फोटो पाठवले. त्या माणसाने पंच्याऐंशी लाख सांगितले, नोंदणीचे म्हणून २,१०० रुपये घेतले आणि रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र पाठवलं. आता १४,५०० कर भरा म्हणतो. नाही भरलात तर पुरातन वस्तू बेकायदा बाळगल्याची केस होईल, असंही म्हणाला. नवऱ्याचं काम सुटलंय, मुलीची फी भरायची आहे. पैसे भरू का? नाणी खरी आहेत का? दोन करडी नाणी मी चिंच लावून घासली, पण ती चमकायच्या ऐवजी काळपट झाली. धाकटे काका म्हणतात, डबी त्यांनी लहानपणी पाहिली होती, त्यात काही विशेष नाही. आजी म्हणते, विकू नका. सोबत फोटो जोडले आहेत.

– एक वाचक, दापोली

उत्तर

ताई,

नाण्यांचं पुढे बघू. आधी त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. त्याचा फोन उचलू नका, पण नंबर आणि संदेश पुसूही नका. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि ज्या खात्यातून २,१०० गेले त्या बँकेत लेखी अर्ज द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण तक्रार झालीच पाहिजे. तो माणूस आज तुमच्यासारख्या आणखी कोणाशी तरी हेच बोलत असणार.

रिझर्व्ह बँक जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कोणाला तसे अधिकारही देत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने असं जाहीर निवेदनच काढलं होतं, कारण तिच्या नावाने हेच चाललं होतं. तुमच्याकडचं शिक्क्याचं पत्र त्यातलंच. आणि व्यवहाराची साधी गोष्ट बघा. वस्तू तुमची आहे, म्हणजे पैसे त्याच्या खिशातून तुमच्याकडे यायला हवेत. इथे ते उलटे वाहतायत.

केसची धमकीही पोकळ आहे. आपल्याकडे पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे आणि नाण्यांच्या बाबतीत तो किमान शंभर वर्षं जुन्या नाण्यांना लागतो. १९४३ चं नाणं त्यात बसत नाही. आजोबांची डबी घरात ठेवल्याबद्दल कोणी तुमच्या दारात येणार नाही. आजीच्या कानावर ही धमकी गेली असेल तर तिला हे आजच सांगा. या वयात असला घोर बरा नाही.

आता नाणी. तुमची नऊही नाणी अमेरिकेच्या टांकसाळीतली खरी दिसतात. पंच्याऐंशी लाखांचं मात्र त्यांत एकही नाही. तुम्ही किती आशेने लिहिलं आहे ते दिसतंय, म्हणून आडपडदा न ठेवता आधीच सांगितलं. हे कशावरून म्हणतो ते आता नीट सांगतो, म्हणजे उद्या दुसरा कोणी फोन करून नवा आकडा सांगेल तेव्हा तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

चौदा कोटींची गोष्ट कुठून आली? ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती इतकी चालते. १९४२ संपेपर्यंत अमेरिकेची एक सेंटची पेनी जवळपास सगळी तांब्याचीच होती. पंच्याण्णव टक्के तांबं, बाकी जस्त आणि कथील. मग युद्ध आलं. काडतुसांची टोपणं, तोफगोळ्यांची कवचं, जहाजांतल्या आणि विमानांतल्या तारा, सगळीकडे तांबं लागायला लागलं. ओढ किती होती? अणुबॉम्बच्या प्रकल्पात अमेरिकेतल्या ओक रिज इथे प्रचंड विद्युतचुंबक बांधायचे होते, त्यांच्या वेटोळ्यांना पुरेल इतकं तांबं मोकळं नव्हतं. तेव्हा अमेरिकेच्या खजिन्यातून तेरा हजार टनांहून अधिक चांदी उसनी काढली आणि तांब्याच्या जागी वापरली. जिथे तारांसाठी चांदी काढायची वेळ आली, तिथे सुट्ट्या पैशांसाठी तांबं कोण देणार?

टांकसाळीने १९४२ मध्ये नाना पदार्थ घेऊन पाहिले. प्लास्टिक घेतलं, काचसुद्धा घेतली. काचेची एक नमुना-पेनी शिल्लक राहिली आणि २०१७ मध्ये लिलावात सत्तर हजार डॉलरना गेली. शेवटी ठरलं पोलाद, वर जस्ताचा पातळ मुलामा. डिसेंबर १९४२ मध्ये कायदा झाला आणि १९४३ च्या फेब्रुवारीत नवी पेनी पडायला लागली. एका बाजूला तोच लिंकनचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच गव्हाच्या दोन ओंब्या, रंग मात्र पांढरा. तुमची सात करडी नाणी ती हीच.

टांकसाळीत धातूच्या गोल चकत्या मोठ्या डब्यांतून यंत्रांकडे जातात. १९४२ च्या अखेरीला तांब्याच्या काही चकत्या त्या डब्यांच्या कोपऱ्यांत, झडपांच्या फटींत अडकून राहिल्या. नव्या वर्षी पोलादी चकत्यांबरोबर त्या सुटल्या, १९४३ च्या ठशाखाली आल्या आणि कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडल्या. अशी तांब्याची १९४३ ची नाणी आज जगात वीस-पंचवीसच माहीत आहेत. डेन्व्हरच्या टांकसाळीचं तर एकच, आणि ते २०१० मध्ये सतरा लाख डॉलरना विकलं गेलं. तुमच्या व्हिडिओतले चौदा कोटी बहुधा या नाण्यावरून आले.

मला या सगळ्यांत एक नाणं फार आवडतं. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात डॉन ल्यूट्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला ते १९४७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत मिळालं. त्या काळी अफवा होती की असं नाणं आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देतो. मुलाने चौकशी केली, अफवा खोटी निघाली. सरकारी खात्याला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की १९४३ च्या सगळ्या पेनी जस्त लावलेल्या पोलादाच्याच आहेत. त्याने वाद घातला नाही. नाणं जपून ठेवलं, सत्तर वर्षं. त्याच्या निधनानंतर जानेवारी २०१९ मध्ये ते २,०४,००० डॉलरना गेलं आणि पैसे त्याच्या इच्छेप्रमाणे गावच्या वाचनालयाला मिळाले.

तुमचं आठवं नाणं असंच असू शकेल का? फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. लिंकनच्या गालाच्या उंचवट्यावर आणि कोटाच्या खांद्यावर तांबूस रंगाखालून करडं डोकावतंय. कडेलाही दोन ठिकाणी तसंच. खरं तांब्याचं नाणं आरपार तांब्याचं असतं. ते झिजलं की आतून तांबंच दिसतं. तुमच्यावर तांब्याचा पातळ थर आहे, खाली पोलाद आहे.

पण माझ्या डोळ्यांवर विसंबू नका. घरात लोहचुंबक असेलच, मुलीच्या कंपासपेटीतला किंवा फ्रिजवरचा. नाणं जवळ न्या. चिकटलं, तर ते पोलादी, विषय संपला. खरं तांब्याचं नाणं चुंबकाला दाद देत नाही. मग दापोलीतल्या ओळखीच्या सराफाकडे जा आणि त्याच्या काट्यावर ते ठेवायला सांगा. पोलादी पेनी २.७ ग्रॅमच्या आसपास भरते, तांब्याची ३.११. सराफाचा काटा हा फरक सहज दाखवतो. त्याला फक्त वजन विचारा, किंमत विचारू नका. तो त्याचा विषय नाही आणि तो भिडेखातर काहीतरी आकडा सांगेल.

समजा एखादं नाणं चिकटलं नाही आणि वजनही ३.११ भरलं, तरी लगेच हुरळायचं नाही. १९४८ च्या खऱ्या पेनीतल्या ८ चा डावा भाग कोरून ३ करणारे कारागीर होते. त्यासाठी ३ ची शेपटी बघायची. १९४३ च्या खऱ्या नाण्यात ती लांब असते, बाकीच्या अंकांच्या ओळीखाली उतरलेली. ८ कापून केलेला ३ ओळीतच थांबतो. तुमच्या नाण्यात शेपटी लांब आहे, म्हणजे साल खरं आहे. फक्त अंगावरचं तांबं नंतरचं आहे.

ते कोणी चढवलं असेल? अमेरिकेत गंमत म्हणून आणि फसवणुकीसाठी, दोन्हीसाठी हजारो पोलादी पेनींवर तांबं चढवलं गेलं. पण तुमची डबी चाळीसच्या दशकापासून दापोलीत आहे, म्हणून मला वेगळाच संशय येतो. तुम्ही लिहिलं आहे की धाकट्या काकांनी ती लहानपणी पाहिली होती. शाळेत आपण सगळ्यांनी तो प्रयोग केलाय. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा, थोड्या वेळाने त्यावर तांबूस थर चढतो. खिळ्याच्या जागी जस्त झिजलेली पेनी टाकली तरी तेच होईल. तुमच्या नाण्यावरचा थर पातळ आहे, एकसारखा नाही आणि काही ठिकाणी उडालाय. कारखान्यातला मुलामा सहसा इतका विरळ नसतो. माझा हा तर्कच आहे. पण काकांना विचाराच, आणि विचारताना रागाने नको. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या डबीतलं एक नाणं घेऊन प्रयोग केला असेल आणि मार बसेल म्हणून गुपचूप परत ठेवलं असेल, तर ‘त्यात काही विशेष नाही’ असं ते आज का म्हणतात हे मला कळू शकतं.

आता सात करड्या नाण्यांकडे येऊ. १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने अशा अडुसष्ट कोटी पेनी पाडल्या. त्यांवर अक्षर नसतं, तुमची चार नाणी तिथली. डी म्हणजे डेन्व्हर, एकवीस कोटींहून जास्त. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, एकोणीस कोटींच्या वर. एकूण एकशे नऊ कोटी. नाणं ऐंशी वर्षांचं आहे, जगाच्या सगळ्यात मोठ्या युद्धातलं आहे, दिसायला वेगळं आहे आणि फक्त एकच वर्ष निघालंय. या चार गोष्टी ऐकल्या की कोणालाही ते दुर्मीळ वाटतं. पण वेगळं दिसणाऱ्या वस्तू लोक बाजूला काढून ठेवतात, आणि अमेरिकेत घराघरांत, बरण्यांत, खणांत लोकांनी ही पेनी ठेवली. म्हणून ती आजही मुबलक मिळते. हातोहात फिरलेली, तुमच्यासारखी पेनी तिकडे दहा सेंटपासून अर्ध्या डॉलरपर्यंत जाते. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या नाण्याचेही पन्नासेक रुपयेच.

मग काही पोलादी पेनी शेकडो डॉलरना जातात हे तुम्ही ऐकलं असेल, तेही खरं आहे. ती चलनात न गेलेली नाणी, टांकसाळीतून निघाल्या दिवसासारखी. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था नाणी तपासून सत्तरपैकी गुण देतात आणि सीलबंद पेटीत घालतात. साठ आणि त्यावरचे गुण न वापरलेल्या नाण्यांचे. सदुसष्टला किंमत चांगली चढते, अडुसष्टला खूपच. तुमच्या नाण्यांत लिंकनचा गाल झिजलेला आहे, कडेला गंज आहे. ती साठपर्यंत पोहोचत नाहीत. तपासणीलाच नाण्यामागे काही हजार रुपये आणि टपालखर्च जाईल. पन्नास रुपयांच्या नाण्यासाठी तो करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कडेच्या गंजाचं तुम्हाला नवल वाटलं असेल, वर जस्त असताना गंज कसा? जस्ताचा मुलामा पत्र्याला आधीच दिलेला असे आणि मग त्या पत्र्यातून चकत्या कापत. आपण पुरणपोळी सुरीने कापली की कडेला आतलं पुरण उघडं दिसतं, तसं त्या चकतीच्या कडेला पोलाद उघडं राहिलं. गंज तिथूनच शिरतो. दापोलीच्या पावसात ऐंशी वर्षं काढूनही तुमची नाणी इतकी शाबूत आहेत याचं श्रेय त्या घट्ट झाकणाच्या डबीला.

अमेरिकेतही लोकांना ही पेनी आवडली नव्हती. कोरी असताना ती चांदीच्या दहा सेंटच्या नाण्यासारखी दिसे, दोघांच्या आकारातही थोडाच फरक, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही फसत. वस्तू विकणाऱ्या यंत्रांत खोटी लोखंडी नाणी पकडायला चुंबक बसवलेले असत, ते सरकारच्या खऱ्या पेनीलाच पकडायला लागले. जस्त लवकर काळवंडलं. वर्षभरात सरकारने नाद सोडला. १९४४ मध्ये पुन्हा तांबं आलं, काही अंशी सैन्याने वापरलेल्या काडतुसांच्या पितळेतून काढलेलं. तुमचं नववं, तपकिरी नाणं ते. तपकिरी आहे म्हणजे नेहमीचंच. १९४४ मध्ये उलटी चूकही झाली होती, उरलेल्या पोलादी चकत्यांवर १९४४ चा छाप पडला. ती नाणी मात्र खरोखर मौल्यवान आहेत, पण ती करडी असतात आणि चुंबकाला चिकटतात. तुमचं तसं नाही.

व्हिडिओतलं ‘पेनी बंद झाली’ हे वाक्य खरं आहे. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली, कारण एक सेंटचं नाणं पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. पण जुन्या पेनी रद्द झालेल्या नाहीत आणि लोकांकडे अब्जावधी पडून आहेत. पाडणं थांबलं म्हणून १९४३ च्या नाण्याची संख्या कमी होत नाही. ती एकशे नऊ कोटी तेव्हा होती, त्यातली जितकी उरली तितकी आहेत.

चिंचेबद्दल लिहायला मला वाईट वाटतंय. आपल्या घरात तांब्या-पितळेला चिंच लावायची, हा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तांब्याला ती चालतेही. पण जस्त आंबटात विरघळतं. तुम्ही ज्याला मळ समजलात तो त्या नाण्याचा मुलामाच होता. तो गेला आणि खालचं पोलाद उघडं पडलं, म्हणून ते काळपट दिसतंय. ते परत आणता येत नाही. बाकी सात नाण्यांना काहीही लावू नका. चिंच नको, लिंबू नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको आणि गंज थांबावा म्हणून खोबरेल तर मुळीच नको. कोणी ‘नवी करून देतो’ म्हणालं तरी देऊ नका.

हे ‘नवी करून देणं’ काय असतं ते मी पैसे मोजून शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रदर्शनात मी या तीन टांकसाळींच्या तीन पेनींचा संच घेतला. आरशासारख्या चकचकीत, न वापरलेल्या म्हणून. विक्रेत्याने शब्द दिला आणि मी भिंग न काढता पैसे दिले. घरी आल्यावर खिडकीत धरल्या तेव्हा लक्षात आलं. कोरं नाणं उन्हात तिरकं फिरवलं की त्याच्यावरची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. माझ्या तिन्ही नाण्यांवर ती एका जागी थिजलेली होती. झिजलेल्या नाण्यांचं जुनं जस्त आम्लाने काढून नवं चढवलं होतं. अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल झाल्या होत्या. असे संच अमेरिकेत आठवणवस्तू म्हणून उघडपणे विकले जात, त्यात गुन्हा काही नाही. कोरे म्हणून विकले तर तो खोटेपणा. तो संच मी अजून ठेवलाय आणि नवीन संग्राहकांना पहिल्यांदा तोच दाखवतो.

ठेवण्याबद्दल. प्रत्येक नाणं वेगळं ठेवा, फक्त कडेला धरून उचला, तळहाताचा घाम लागू देऊ नका. नाण्यांसाठी पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, मध्ये पारदर्शक पातळ फिल्म असते, त्या स्वस्त आहेत. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, ते हळूहळू पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा आणतं. चौकटी पुन्हा त्याच सिगारेटच्या डबीत मावल्या तर उत्तम, नाहीतर स्टीलच्या घट्ट डब्यात. आत औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर मेमध्ये, पावसाआधी, बदला. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात नकोत.

ट्रंक पुन्हा उघडाल तेव्हा आणखी एक बघा. त्याच काळातली पाच सेंटची नाणी कुठे असली, तर त्यांच्या मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं अक्षर आहे का पाहा. पी, डी किंवा एस. १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत त्या नाण्यांतलं निकेल युद्धासाठी काढून घेतलं आणि त्यात पस्तीस टक्के चांदी घातली. एका नाण्यात पावणेदोन ग्रॅम चांदी असते. श्रीमंत करणार नाही, पण नुसत्या धातूच्या दरानेही ते तुमच्या कोणत्याही एका पेनीहून जास्तीचं.

आणि आपलीही डबी शोधा. त्याच १९४३ मध्ये इकडे तांबं वाचवण्यासाठी इथल्या ब्रिटिश सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं. तो भोकाचा पैसा आजीने हाताळला असणार, करगोट्यात ओवलेलाही पाहिला असेल. आधीचा मोठा पैसा पावणेपाच ग्रॅमच्या वर होता, भोकाचा दोन ग्रॅमवर आला. मुंबईच्या टांकसाळीतही तो पाडला जाई, म्हणजे तुमचे आजोबा जिथे काम करत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिकडे पोलाद, इकडे भोक, कारण एकच. माझ्या मते पेनीशेजारी एक भोकाचा पैसा ठेवल्याशिवाय ती डबी पुरी होत नाही. जुन्या बाजारात तो थोडक्या पैशांत मिळतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ते नववं, तपकिरी नाणं आहे. १९४४ ची पेनी १९४४ च्या आधी मुंबईत येऊ शकत नाही. अमेरिकेत ती पाडली गेली, कोणाच्या तरी पगारातून खिशात आली, बोटीतून अर्धं जग ओलांडून गोदीत पोहोचली, याला काही महिने गेलेच असतील. म्हणजे जवळजवळ नक्की ती आजोबांच्या हातात स्फोटानंतर पडली. ज्या गोदीत शेकडो माणसं गेली, जिथला मलबा उपसायला महिनोन्‌महिने लागले, तिथे तुमचे आजोबा परत गेले होते. बोटींवरचा माल मोजत उभे राहिले आणि कोणा खलाशाशी त्यांची इतकी ओळख झाली की त्याने खिशातली पेनी काढून दिली. स्फोटातून वाचले हे आजीने तुम्हाला सांगितलंच आहे. परत कधी गेले, घरच्यांनी जाऊ दिलं का, हे सांगितलंय का? नसेल तर विचारा. फोन समोर ठेवून तिचं बोलणं नोंदवून घ्या, आणि ऐकलेलं चार ओळींत लिहून, तारीख घालून, त्या कागदासह नाणी ठेवा.

विकण्याबद्दल आजीचं ऐका. नऊही नाणी विकली तरी मुलीच्या फीला पुरणार नाहीत. फीसाठी शाळेत मुख्याध्यापकांना भेटून हप्ते मागा. नवऱ्याचं काम सुटलंय हे लिहून द्या, त्यात कमीपणा नाही.

एक काम बाकी आहे. डी अक्षराची दोन नाणी फोटोत धूसर आलीत. त्या वर्षी डेन्व्हरच्या एका ठशावर डी हे अक्षर दोनदा, थोडं सरकून उमटलं होतं. त्या ठशाची नाणी साध्या पेनीच्या कितीतरी पट किमतीला जातात, झिजलेली असली तरी. फार आशा ठेवू नका, पण पाहिल्याशिवाय सोडूही नका. सकाळच्या उन्हात, नाणं थोडं तिरकं धरून, फक्त साल आणि त्याखालचं अक्षर येईल असा जवळून फोटो काढा. डी च्या डाव्या अंगाला दुसऱ्या डी ची कड दिसते का, ते मला बघायचंय. या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी उत्तर देईन.